एकाच नावाची दोन मापे

गोरखपूर म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात उत्तर प्रदेशातील, गोरखनाथांच्या मठामुळे प्रसिद्ध पावलेले शहर उभे राहते. परंतु नर्मदेच्या परिसरातील जबलपूर शहरातही एक गोरखपूर आहे; बाजाराची, दाट वस्तीची, नित्य गजबजलेली अशी ती पेठ. पाकिटावर कोणी नुसते 'गोरखपूर' एवढेच लिहिले, तर ते पत्र कुठल्या कुठे जाऊन पडेल. यात टपालखात्याचा दोष नाही आणि दोन्ही ठिकाणांपैकी खोटे असे एकही नाही. दोष असलाच तर तो लिहिणाऱ्याच्या गृहीत धरण्यात आहे. आपल्याला जे गोरखपूर ठाऊक, तेच जगाला ठाऊक, असे तो समजतो. नावापुढे 'जबलपूर' हा एक शब्द जोडला की सारा घोटाळा मिटतो.

मापांच्या जगात असाच एक घोटाळा गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि तो मिटविणारा शब्द मात्र लोकांच्या तोंडी अजून बसलेला नाही. जबलपुरच्या त्या गोरखपुरातील एखाद्या विद्यार्थ्याने ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क विकत आणून विंडोज प्रणालीच्या संगणकाला जोडली, तर पडद्यावर आकडा उमटतो ४६५. उरलेले पस्तीस गेले कुठे? दुकानदाराने मापात मारले, ही पहिली शंका. कारखानदाराने फसविले, ही दुसरी. दोन्ही शंका चुकीच्या आहेत. डिस्कवर ५०० अब्ज बाइट पुरेपूर असतात. कारखानदार 'गिगा' म्हणजे एक अब्ज असे धरतो, तर ती संगणकप्रणाली 'गिगा' म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४, असे धरते. माल तोच आहे. माप मात्र दोन आहेत आणि दोन्ही मापांना नाव एकच आहे.

हा घोटाळा नव्या यंत्रयुगाने जन्माला घातला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या घरांत पायली आणि मापटे होते, ज्या दुकानांत अच्छेर आणि नवटाक होते, त्या घरांना नि दुकानांना ही गोष्ट अगदीच परकी नव्हती. विशेषतः जबलपुरातील मराठी कुटुंबांनी एका पाच-सहा वर्षांच्या अवधीत मापांची जी उलथापालथ पाहिली, तिच्यात या संगणकी गोंधळाची सर्व लक्षणे आधीच उमटलेली दिसतात.

जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी सुभ्याकडे गेले. १७९८ साली पेशव्यांनी हा मुलूख नागपुरच्या भोसल्यांना दिला. १८१७ च्या अखेरीस तो कंपनी सरकारच्या हाती पडला. पुढे मध्यप्रांतात नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात नांदली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहून त्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले. यानंतर पुरते पाच महिने होतात न होतात तोच, १ एप्रिल १९५७ रोजी, खिशातील नाणे बदलले. पुढच्याच वर्षी, १९५८ च्या ऑक्टोबरात, देशातील निवडक भागांत वजने बदलू लागली, आणि १९६२ पर्यंत शेर-मणांना बाजारातून कायद्याने निरोप मिळाला. राज्य, नाणे आणि वजन या तिन्ही गोष्टी एकाच पिढीने, आणि तीही संसाराच्या ऐन धामधुमीत, नव्याने शिकल्या.

बदलले ते नेमके काय, हे कळण्यासाठी जुन्या मापांकडे थोडे बारकाईने पाहावयास हवे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. येथवर प्रत्येक पायरी दुपटीची आहे. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा वेळा दुप्पट झाली, म्हणजे चौसष्ट निळव्यांची एक पायली. मण कुठे बारा पायल्यांचा असे, कुठे सोळांचा. जेथे तो सोळांचा होता, तेथे एका मणात निळवी किती भरत? चौसष्ट गुणिले सोळा, म्हणजे एक हजार चोवीस. संगणकवाले ज्या आकड्याला 'किलो' म्हणू लागले, बरोबर तोच हा आकडा. पणजीच्या कोठीघरात तो नकळत नांदत होता. हा योगायोग आहे, पण आंधळा योगायोग नव्हे. दोनाने दहा वेळा गुणले की कोणाच्याही हाती १०२४ च येणार, मग गुणणारा धान्य मोजीत असो की वीजप्रवाहाच्या खुणा.

वजनाचीही तीच तऱ्हा. छटाक, तिच्या दुप्पट नवटाक अथवा अदपाव, त्याच्या दुप्पट पावशेर, त्याच्या दुप्पट अच्छेर आणि अखेर शेर. सोळा छटाकांचा शेर, सोळा आण्यांचा रुपया. नाण्यांतही दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. या सोळावर मराठी माणसाचा एवढा जीव की पूर्ण खऱ्या गोष्टीला तो अजूनही 'सोळा आणे खरी' म्हणतो. 'शंभर पैसे खरी' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

दुपटीचा हा सोस कशासाठी होता? कारण हाताला आणि तराजूला निम्मे करणे सर्वांत सोपे जाते. गुळाच्या ढेपेचे दहा सारखे भाग करून दाखवा म्हटले तर निष्णात वाणीही अडेल. दोन भाग मात्र एखादे पोरही करील, आणि तराजूच्या दोन पारड्यांत घालून ते सारखे आहेत की नाहीत हे लगेच पडताळून पाहील. त्या दोहोंचे पुन्हा दोन, आणि त्यांचेही दोन. शिवाय दुकानदाराला यात एक मोठी सोय होती. छटाक, अदपाव, पावशेर आणि अच्छेर ही केवळ चार वजने त्याच्याजवळ असली की एका छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंतचे कोणतेही वजन त्याला तोलता येई. अकरा छटाक हवे असतील तर अच्छेर, अदपाव आणि छटाक पारड्यात टाकावी, पावशेर बाजूला ठेवावा. प्रत्येक वजनाविषयी प्रश्न एकच: ते पारड्यात आहे की नाही? दशमान पद्धतीत एक, दोन, दोन आणि पाच अशी चार वजने घेतली, तर दहाच्या पुढे जाता येत नाही.

संगणकाची द्विमान पद्धती यापेक्षा निराळे काही करीत नाही. वीजप्रवाह आहे किंवा नाही, चुंबकाचे टोक या दिशेला आहे किंवा त्या दिशेला, एवढ्या दोन अवस्थांवर त्याचा सारा कारभार चालतो. 'आहे' आणि 'नाही' यांतील एक निवड म्हणजे एक बिट; असे आठ बिट मिळून एक बाइट. वाण्याच्या पारड्यातील ती चार वजने म्हणजे चार बिटच होत. फरक इतकाच की वाण्याच्या पारड्यात गूळ असे.

हिशेबाची लेखणीही या पद्धतीला सरावलेली होती. मोडी दफ्तरांतील आणे-पावांच्या खुणा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांतील नेटकेपणा ठाऊक आहे. पाव दाखविण्यास एक उभा दंड, अर्ध्यास दोन, पाऊणास तीन. आणि आण्यांसाठी एक, दोन किंवा तीन आडव्या रेघा. अकरा आणे लिहावयाचे तर दोन उभे दंड आणि तीन आडव्या रेघा, म्हणजे अर्धा रुपया आणि वर तीन आणे. अंक न लिहिता केवळ रेघांनी पंधरा आण्यांपर्यंतची प्रत्येक रक्कम मांडता येई. पंतोजींच्या शाळेतील मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी एका सुरात घोकीत. त्या घोकंपट्टीची पुढे पुष्कळ चेष्टा झाली, परंतु व्यवहार जोवर निम्म्या-पावांत चालत होता तोवर ती शुद्ध व्यवहारबुद्धी होती.

अर्थात जुनी व्यवस्था आरशासारखी स्वच्छ होती असे मुळीच नाही, आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांना हे सांगितलेच पाहिजे. दुपटीची साखळी लहान मापांत टिके, मोठ्या मापांत तुटे. मण झाला की पुढे वीस मणांची खंडी. तोलण्याच्या मणात शेर चाळीस. तोळ्यात बारा मासे आणि माशात आठ गुंजा. आण्यात पैसे चार, पण पै बारा. शिवाय गावागणिक नाव तेच आणि माप निराळे: मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा, तर बंगालचा ब्याऐंशी पौंडांहून अधिक. एका शहरातला व्यापारी दुसऱ्या शहरातल्याला 'शंभर मण पाठवा' असे लिही, तेव्हा कोणते मण हे ठरविण्यातच दोघांचा अर्धा नफा जात असेल.

ही अंदाधुंदी मोडण्याचा एक प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच झाला होता, आणि त्याची हकीकत फार बोधक आहे. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८७१ साली, हिंदुस्थानासाठी वजनमापांचा एक कायदा मंजूर झाला. फ्रान्समधील किलोग्रॅम हे मूळ वजन म्हणून त्यात स्वीकारले होते. परंतु त्या वजनाला नाव काय दिले होते? 'शेर'! ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा. कायद्यातला नवा शेर एक हजार ग्रॅमांचा. लोकांना परके नाव जड जाईल, म्हणून ओळखीचे नाव ठेवावे आणि आतले वजन हळूच बदलावे, असा तो बेत. तो कायदा अमलात आला नाही, हे देशाचे भाग्यच म्हणावयास हवे. तो अमलात येता तर प्रत्येक बाजारात दोन शेर शेजारीशेजारी नांदले असते आणि 'कोणता शेर?' हा प्रश्न विचारण्याचे भान ज्याला नाही, त्या गिऱ्हाइकाची रोज लूट झाली असती.

स्वतंत्र भारताने ही चूक टाळली. १९५५ साली संसदेने नाण्यांचा कायदा दुरुस्त केला, आणि रुपयाचे चौसष्ट पैशांऐवजी शंभर भाग झाले. 'पैसा' हे नाव सोडावयाचे नव्हते, पण जुना पैसा बाजारात असताना नव्याला तेच नाव देणे धोक्याचे होते. म्हणून त्याच्यामागे 'नया' हा शब्द जोडला गेला. एवढेच करून शासन थांबले नाही. त्या चिमुकल्या तांबूस नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असे स्पष्ट कोरले. पंचवीस नये पैशांच्या नाण्यावर 'चौथा भाग' आणि पन्नासाच्या नाण्यावर 'आधा भाग' असे शब्द आले. नाणे स्वतःच आपली व्याख्या सांगत गिऱ्हाइकाच्या हाती पडे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानेही शेराला नवा अर्थ देण्याच्या फंदात न पडता 'किलोग्रॅम' हे परके नाव जसेच्या तसे घेतले. त्या काळी या परकेपणाची थट्टा सोपी होती. आज मागे वळून पाहता तो निर्णय शहाणपणाचा ठरतो.

तरीही सोळा आणि शंभर यांचा सांधा बसविताना काही जण भरडले गेले, ते गणितच सांगते. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वा पैसा तर पाडता येत नाही. म्हणून कायद्याबरोबर एक कोष्टक आले: अर्धा पैसा वा त्याहून कमी असेल तो सोडावा, अर्ध्याहून अधिक असेल तो पुरा धरावा. त्यानुसार एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नये पैसे झाले. एक-एक आण्याच्या सोळा वस्तू सोळा वेळा घेणाऱ्याचे शहाण्णव नये पैसे लागत. त्याचा चार पैशांचा फायदा. परंतु जुन्या एका पैशाचे होत दीडाहून किंचित अधिक, आणि कोष्टकाप्रमाणे ते दोन धरले जात. ज्याची ऐपतच एका वेळी एका पैशाचे मीठ किंवा एका पैशाचे तेल घेण्याची, त्याने चौसष्ट वेळा बाजारात जावे आणि घरी परतताना एका रुपयाच्या मालाला एकशे अठ्ठावीस नये पैसे मोजलेले असावेत! कोष्टकात लबाडी नव्हती. एकत्र रकमेला ते अगदी न्याय्य होते. पण एकत्र रक्कम देण्याची सोय ज्याला नव्हती, त्याच्याच वाट्याला अपूर्णांकाचा भार आला. मापांचे बदल कागदावर सारखे असतात. खिशांवर ते सारखे पडत नाहीत.

सुदैवाने हा काळ लवकर सरला. वस्तूंच्या किमतीच नव्या पैशांत ठरू लागल्या, जुनी नाणी हळूहळू नाहीशी झाली, आणि १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द अधिकृतपणे गळून पडला. त्याचे काम झाले होते. पैसा म्हणजे कोणता पैसा, असा प्रश्न आता उरला नव्हता.

नेमक्या याच १९६४ साली दूर अमेरिकेत उलटी गोष्ट घडत होती. एप्रिल महिन्यात आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' हे संगणककुल जगापुढे मांडले आणि त्याच्या रचनाकारांनी आपल्या लेखात १०२४ या संख्येसाठी सरळ 'के' हे अक्षर वापरले. कारण समजण्यासारखे होते. संगणकाच्या स्मृतीतील घरे शोधण्यासाठी तारा लागतात. एका तारेने दोन घरांतून निवड होते, दोन तारांनी चारांतून, आणि दहा तारांनी १०२४ घरांतून. हजार घरांची स्मृती बांधणे म्हणजे चोवीस घरे उगाच बंद ठेवणे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सिद्ध झालेल्या 'टिफरॅक' या भारतीय संगणकाची स्मृतीही दोन हजारांची नव्हती, २०४८ शब्दांची होती. बाहेर मुंबईच्या बाजारात शेर-छटाकांची जागा किलो घेत असताना आत प्रयोगशाळेत दुपटीचे राज्य नव्याने सुरू होत होते, हा योग मोठा मौजेचा.

१०२४ आणि १००० यांत अंतर अवघे चोवीसांचे. तेव्हा जवळपास हजारच की, अशा बेफिकिरीने अभियंत्यांनी ग्रीक भाषेतून आलेले आणि शंभरावर वर्षे 'हजार' याच अर्थाने मेट्रिक पद्धतीत रुजलेले 'किलो' हे नाव उचलले. आपसांत बोलताना त्याने काही बिघडत नव्हते. परंतु डिस्क बनविणाऱ्यांची परंपरा वेगळी होती. पहिली डिस्क आयबीएमने बाजारात आणली ती १९५६ साली, म्हणजे भारताच्या संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला त्याच वर्षी. पन्नास तबकड्यांच्या त्या अवजड यंत्रात पन्नास लाख अक्षरे मावत. फिरत्या तबकडीला दुपटीचे बंधन नसते. तिच्यावर किती वर्तुळे आखावी आणि वर्तुळाचे किती तुकडे करावे, हे कारागिराच्या हाती. म्हणून तेथे साधा दशमानाचा हिशेब चालला. तारेवरून जाणाऱ्या संदेशांचा वेगही दशमानातच मोजला गेला. अशा रीतीने एकाच पेटीत दोन बाजार भरले: स्मृतीच्या बाजारात किलो १०२४ चा, डिस्कच्या बाजारात १००० चा. आजही संगणकाच्या स्मृतीचे ८ गिगाबाइट द्विमानाचे असतात आणि शेजारच्या डिस्कचे ५०० गिगाबाइट दशमानाचे.

गोंधळाचा कळस पाहावयाचा तर १९८७ च्या सुमारास आलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीकडे पाहावे. दोन बाजू, प्रत्येक बाजूस ऐंशी वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात अठरा खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, गुणाकार १४,७४,५६०. तिच्यावर छापलेले असे '१.४४ मेगाबाइट'. दशमानाने तो आकडा १.४७ यावयास हवा, द्विमानाने १.४१. मग १.४४ आले कुठून? त्या संख्येला आधी १०२४ ने भागले आणि मग १००० ने. हा मेगाबाइट कोणत्याही शास्त्रात नव्हता. जुन्या वीस मणांच्या खंडीची येथे आठवण होते: खाली दुपटीची साखळी, वर विसांची, आणि दोहोंच्या मध्ये कोणाचे लक्ष नाही.

पायरीगणिक हे अंतर रुंदावते, हे या गोंधळाचे खरे विष. किलोत ते २.४ टक्के, मेगात जवळजवळ ५, गिगात ७.४ आणि टेरात सुमारे १०. आता शेर आणि किलो यांच्यातील अंतर आठवावे. किलो शेराहून ७.२ टक्क्यांनी मोठा. गिगाच्या दोन अर्थांत जितके अंतर, जवळजवळ तितकेच ते आहे. पाचशे किलो धान्याचे पैसे घेऊन कोणी पाचशे शेर तोलून दिले असते, तर गिऱ्हाइकाच्या घरी ४६६ किलो पोचले असते. विद्यार्थ्याच्या पडद्यावर उमटले ४६५. १८७१ चा तो कायदा जो घोटाळा घालणार होता आणि घालू शकला नाही, तो सव्वाशे वर्षांनी सगळ्या जगात घातला गेला, आणि आकड्यानेही तो हुबेहूब तसाच निघाला.

प्रकरण न्यायालयात गेले नसते तरच नवल. अमेरिकेत ग्राहकांनी डिस्क बनविणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली तडजोड करून ग्राहकांना एक सॉफ्टवेअर विनामूल्य देऊ केले. सीगेट कंपनीने २००७ साली किमतीचे पाच टक्के परत करण्याची किंवा सॉफ्टवेअर देण्याची तयारी दाखविली. दोन्ही ठिकाणी तडजोडच झाली. आणि खरे पाहता शब्दाच्या मूळ अर्थाला धरून चाललेला पक्ष कारखानदारांचाच होता. मेट्रिक पद्धतीत गिगा म्हणजे अब्जच. पण ज्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर ४६५ दिसतात, त्याला व्युत्पत्ती सांगून समाधान कसे होणार?

उपाय नव्हता असे नाही. १९९८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने द्विमान मापांना निराळी नावे दिली: १०२४ बाइटांचा 'किबीबाइट', त्यापुढे 'मेबी', 'गिबी', 'टेबी'. 'किलो' आणि 'मेगा' ही नावे दशमानाची दशमानाला परत. आपल्याकडच्या 'नया' या शब्दाचेच हे काम होते. परंतु नया पैसा नव्या नाण्याबरोबर त्याच दिवशी हाती आला. जुने नाणे परत घेणारी तिजोरी त्याच्या पाठीशी होती आणि त्याच्या अंगावर त्याची व्याख्या कोरलेली होती. किबी आला तो घोटाळा सुरू झाल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी, आणि त्याच्यामागे तिजोरी नव्हती. लिनक्सच्या काही भागांनी तो स्वीकारला. ॲपल कंपनीने २००९ साली दुसरी वाट धरली आणि आपल्या संगणकांत डिस्कची गणती सरळ दशमानाने करण्यास आरंभ केला. तेथे ५०० चे ५०० च दिसतात. विंडोज प्रणालीत मात्र गणती द्विमानाची आणि नाव दशमानाचे, ही जुनी रीत अजून चालू आहे.

नावे लोक इतक्या सहजी सोडत नाहीत, हेही तितकेच खरे. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी व्यवहारातून बाद झाले, तोवर त्याला 'चार आणे'च म्हणत. महाराष्ट्रात पिकाचा अंदाज सरकारी कागदावर 'पैसेवारी'ने मांडला जातो आणि पन्नास पैशांची रेषा निर्णायक ठरते. शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ती 'आणेवारी'च आहे. यात नुकसान कोणाचे नाही, कारण आठ आणे आणि पन्नास पैसे ही एकच गोष्ट. सराफाच्या पेढीवर मात्र गोष्ट वेगळी. कायद्यातला तोळा ११.६६ ग्रॅमांचा, आजच्या बोलीतला तोळा दहा ग्रॅमांचा. आजीच्या पेटीतल्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांचे वजन ५८ ग्रॅम भरते आणि नातीसाठी घडविलेल्या 'पाच तोळ्यां'चे पन्नास. तेव्हा तोळा ऐकताच 'कोणता?' हे विचारावयास हवे, आणि जुना दागिना मोडीत घालताना तर तो ग्रॅमांतच तोलून घ्यावयास हवा.

जुन्या हिशेबाच्या खुणांचे पुढे काय झाले, तेही सांगण्याजोगे आहे. पाव दाखविणारा तो उभा दंड आणि आण्यांच्या त्या आडव्या रेघा वह्यांतून गेल्या, छापखान्यांतून गेल्या. २००९ साली, ज्या वर्षी ॲपलने दशमान धरले त्याच वर्षी, जगातील सर्व लिप्यांची अक्षरे संगणकासाठी क्रमांकित करणाऱ्या युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत त्यांना रीतसर जागा मिळाली. मोडी रुमालांचा अभ्यास करणाऱ्याला आता त्या संगणकात जशाच्या तशा उतरविता येतात. पावाचा तो एक उभा दंड साठविण्यास प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात.